भाट्याला पायांनीच

पळायला लागलं की वजन उतरतं असं सगळे सांगतात. आमच्या क्लबात तसलं काही झालेलं नाही. पाचही जणांची वजनं होती तिथेच आहेत, वाढलेत ते किस्से. घरी कुणी चहाला आलं की एक किस्सा निघतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि चहा दोनदा टाकावा लागतो. माझा नवरा विचारतो, "तुम्ही एवढं बोलता, मग पळता कधी?" त्याला अजून कळलेलं नाही की आम्ही बोलायला काहीतरी मिळावं म्हणूनच पळतो.

मी कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं निमूट टाइप करायचं, मध्ये 'अहो पण' सुद्धा म्हणायचं नाही. त्यामुळे ऑफिस सुटल्यावर माझं तोंड सुटतं. ज्यांना घाई असेल त्यांनी पुढे पळावं, मी काही रागावणार नाही.

तर आमचा क्लब 'सडा रनर्स'. गावाबाहेर कातळाची उघडी सपाटी असते ना, तिला आमच्या रत्नागिरीत सडा म्हणतात. तिथे सकाळी जमतो म्हणून हे नाव. कॅप्टन दत्ताकाका, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. इम्तियाज, मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा धंदा करतो. प्रशांत सर, देवरूखजवळच्या एका गावात शाळेवर आहेत. ऋचा, बँकेत बदली होऊन आलेली पुण्याची मुलगी. आणि पाचवी मी, मेधा. संघाला पाचच जण लागतात म्हणून आम्ही सगळे निवडले गेलो.

आमच्याकडे दरवर्षी डोंगरातली एक मोठी रिले होते. देवरूखच्या बाजारपेठेतून सुटायचं, घाटांतून उतरून मालगुंडला वळसा मारायचा आणि किनाऱ्याने चढउतार करत भाट्याच्या समुद्रावर पोचायचं. एकाने आपला टप्पा पळायचा, मनगटातला पट्टा काढून पुढच्याला द्यायचा, मग त्याने पळायचं. नियम एक आहे आणि तो कडक आहे: ज्याच्या हातात पट्टा आहे त्याने गाडीत बसायचं नाही. बसला की संघ बाद. दुपार कलली की भाट्याला वाळूवर टाकलेली शेवटची दोरी पंच गुंडाळतात. जे वाटेत राहतात त्यांना मागून येणारा टेम्पो गोळा करतो.

आम्ही दरवर्षी टेम्पोतूनच भाट्याला पोचायचो.

गेल्या खेपेला तर फारच झालं. टेम्पो किनाऱ्यावर आला, काका खाली उतरले, आणि तिथे स्वागताला ठेवलेल्या नवीन मुलींना वाटलं हे पळूनच आलेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकीने गुलाबाचं फूल पुढे केलं. बाकी कुणी असतं तर घेतलं असतं, मी तरी घेतलं असतं. काकांनी हात जोडले.

"नको गो बाय," म्हणाले, "आम्ही पार्सल आलोय."

सगळे हसले. काका हसले नाहीत, आणि ते मला दिवसभर खुपत राहिलं.

* * *

ह्या वर्षी काकांचा उजवा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढला, दिव्यावर धरला आणि सांगितलं, "काका, आता चढण बंद. सपाटीवर फिरा, देवळात जा, नातवाला खेळवा."

काकी बरोबर होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "आजपासूनच बंद."

काकांनी तो फोटो हातात घेतला. मग डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, मी सगळी नोकरी बसून केली. मुंबईला गेलो तो बसून, कोल्हापूरला गेलो तो बसून. लोकांना नेलं, आणलं, सगळं बसून. एकदा मला भाट्याला पायांनी जाऊ द्या. मग गुडघा काढून तुमच्या कपाटात ठेवा, मी बोलणार नाय."

डॉक्टरांनी काकींकडे बघितलं. काकींनी छताकडे बघितलं. शेवटी असं ठरलं की ही एकच शर्यत, त्यातही सगळ्यात लहान टप्पा, काळबादेवीपासून भाट्यापर्यंत. म्हणजे शेवटचा. दोरी ओलांडायची ती काकांनीच, आणि वेळेत ओलांडली नाही तर त्यांच्या नशिबी आयुष्यभरासाठी टेम्पो. काकींनी दवाखान्यातून बाहेर पडताना मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "मेधा, ह्यांना पोचव गो. नायतर घरात रोज ऐकावं लागंल मला."

एवढी जबाबदारी मला कोर्टानेसुद्धा कधी दिलेली नाही.

* * *

सराव सुरू झाला. ऋचाच्या हातात एक भारी घड्याळ आहे. कोण किती पळालं, किती चढलं, काळजाचे ठोके किती, सगळं त्यात दिसतं. तसलंच एक तिने काकांच्या हातात बांधलं आणि आठवडाभराने आम्हाला बसवून मोबाइलवर आलेख दाखवला.

"काका, हे बघा. तुम्ही छान लयीत पळताय, आणि मग अचानक थांबताय. परत पळताय, परत थांबताय. दम लागतो का? छातीत दुखतं का?"

"नाय."

"मग थांबता का?"

काकांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बोटाने एकेक जागा दाखवायला लागले. "हा कुवारबाव. हा जे. के. फाटा. इथे आपली शाळेजवळची शेड."

सगळे एसटीचे थांबे होते.

"अहो काका, पण तिथे कशाला थांबायचं?"

"बायामाणसं उभी असतात. माझं तोंड दिसलं की हात दाखवतात."

"म्हणून तुम्ही थांबता?"

"हात दाखवल्यावर पुढे काढायची नाय," काका म्हणाले. "तक्रार जाते."

ऋचाला पुण्याला जायचा इतका मोह कधी झाला नव्हता, असं तिने मला नंतर सांगितलं. त्यानंतर आम्ही काकांचा सराव गाड्या न जाणाऱ्या पायवाटांवर ठेवला.

* * *

इम्तियाजची तऱ्हा वेगळी. तो पहाटे जेटीवर लिलाव उरकून थेट सरावाला येतो. त्याच्या बुटांना असा काही वास असतो की मांजरं त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येतात. त्याचं म्हणणं, पळण्यात अवघड काही नाही, चढणीशी नीट सौदा करता आला पाहिजे.

हे मला आधी कळलं नव्हतं. एकदा आरे-वारेच्या चढणीला मी त्याच्या मागे होते, तर हा माणूस मोठमोठ्याने बोलत चढतोय.

"त्या माडापर्यंत पळतो. काय? नाय, पुढच्या वळणापर्यंत नाय परवडत. बघ, गिऱ्हाईक नेहमीचं आहे. बरं, माड सोड, त्या पाटीपर्यंत देतो. त्याच्या पुढे एक पाऊल नाय."

समोरून येणारे पर्यटक गाडीच्या काचा वर करून घेत होते. पाटी आली, इम्तियाज थांबला, कमरेवर हात ठेवून चढणीकडे बघितलं, मान हलवली आणि परत पळायला लागला. बहुतेक सौदा वाढवून घेतला असावा.

वर काका बसले होते. त्यांनी विचारलं, "काय इम्तू, कितीला ठरला सौदा?"

"अर्ध्याला, काका."

"आणि उरलेली?"

"उरलेली उधार ठेवलीय. चालत आलो."

* * *

ऋचाला आमच्याकडच्या लोकांवर पहिल्यांदा राग आला तो असाच एका चढणीवर. सरावात त्या दिवशी ती एकटीच पळत होती, रस्ता नवीन. पाणी संपलं, पाय भरून आले. वाटेत एक आजी लाकडं घेऊन बसल्या होत्या. हिने विचारलं, "आजी, चढण किती राहिली?"

"संपलीच बाय. ही काय."

ही खूश होऊन पळाली. वळण आलं, चढण तशीच पुढे. एक गुराखी भेटला. त्याला विचारलं. "झाली की. ह्या झाडामागे." झाड आलं, झाडामागे आणखी उभी चढण. मग एक सायकलवाला वरून येत होता. तो न विचारता म्हणाला, "आलीच, आलीच."

ऋचा वर पोचली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता. आम्ही वर गाडी घेऊन थांबलो होतो. "तुमच्याकडे सगळे खोटं का बोलतात?" तिने विचारलं. "आमच्याकडे विचारलं तर सांगतात, अजून पुष्कळ आहे, तुम्हाला जमायचं नाही."

काका तिला कोकम सरबत ओतून देत होते. "चढणीवरच्या माणसाला खरं सांगायचं नाय, अशी आमच्याकडे रीत हाय," ते म्हणाले. "खरं तेला वर आल्यावर कळतंच."

ती दोन ग्लास सरबत प्यायली. तेव्हापासून ती बँकेत कर्जवाल्या लोकांनासुद्धा 'झालंच तुमचं काम' असं सांगते, आणि मॅनेजर तिच्यावर चिडतात.

* * *

मग शर्यतीचा दिवस आला. देवरूखच्या बाजारपेठेत सकाळी सगळे संघ उभे. मुंबईचे होते, कोल्हापूरचे होते, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. आमच्यात इम्तियाजचा टी-शर्ट कुठल्याशा बर्फ कारखान्याचा होता. पहिला टप्पा ऋचाचा. ती पाय ताणत होती, तेवढ्यात काकांनी नारळ काढला.

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने नारळ धरून देवाला सगळं सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. काकांचा आवाज स्टँडवर गाडी लावतानाचा, त्यामुळे सगळी बाजारपेठ गप्प झाली.

"बा देवा म्हाराजा! ही तुजी लेकरं आज भाट्याला निघालेत."

"व्हय म्हाराजा," आम्ही. सगळ्यात मोठ्याने इम्तियाज.

"कोणाच्या पायात गोळा आला आसंल, कोणाचा घोटा वळला आसंल, तर तो सरळ कर."

"व्हय म्हाराजा," आता मुंबईचे संघही सामील झाले. त्यांच्यातले निम्मे इथलेच, नोकरीला तिकडे गेलेले.

"वाटेत कोण आडवा आला, कोण वाकडा बोलला, तर तेला बाजूला कर."

"व्हय म्हाराजा."

"आणि भाट्याला तो घड्याळवाला सायेब उभा ऱ्हातो, तेच्या घड्याळाला आज जरा दम धरायला सांग."

"व्हय म्हाराजा," सगळी बाजारपेठ म्हणाली, आणि आमच्या मागून एक खर्जातला आवाज जरा उशिरा आला.

वळून बघितलं तर मुख्य पंच आगाशे सर. तेच घड्याळवाले. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं, तसे ते खाकरले आणि म्हणाले, "सवयीने आलं. घड्याळ बरोबर चालेल."

* * *

ऋचा भन्नाट पळाली. तिने पट्टा प्रशांत सरांना दिला तेव्हा आम्ही सगळ्या संघांत चक्क मध्यावर होतो. आमच्या इतिहासात आम्ही मध्यावर कधी आलो नव्हतो. मी पुढच्या ठिकाणी इम्तियाजच्या व्हॅनपाशी उभी राहून सरांची वाट बघत होते. आमच्या मागचे आले, त्यांच्याही मागचे आले. सर येईनात.

सर शेवटी दिसले तेव्हा त्यांच्या अंगावर जरीची शाल होती, कपाळाला कुंकू आणि हातात नारळ.

झालं होतं असं की सरांचा टप्पा त्यांच्या शाळेच्या गावातून जात होता. गावाला वाटलं, आपले सर शर्यतीत आहेत, आपल्या दारावरून जाणार, आणि आपण त्यांना असंच जाऊ द्यायचं? त्यांनी शाळेसमोर मांडव घातला. स्पीकर लावला. सर पळत आले तसे चौघांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. पोरींनी स्वागतगीत म्हटलं, सगळी कडवी. सरपंच बोलायला उठले.

"सरांना आज फार घाई आहे," सरपंच माइकवरून म्हणाले, "त्यामुळे मी फक्त गावाचा थोडक्यात इतिहास सांगतो."

मागून येणारे संघ एकेक करून मांडवासमोरून निघून चालले. सर उठायला बघायचे आणि कुणीतरी त्यांना प्रेमाने खांदा दाबून बसवायचं. शेवटी शाल आली, श्रीफळ आलं, आणि सरपंच म्हणाले, "आता सर आपल्याला दोन शब्द सांगतील."

सरांनी माइक हातात घेतला आणि खरोखर दोनच शब्द सांगितले. "येतो मी."

टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणे.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की सर धापा टाकत आले आणि त्यांनी माझ्या हातात नारळ दिला. मी पण सवयीने तो कपाळाला लावला आणि पळायला लागले. शंभर पावलं गेल्यावर लक्षात आलं की पट्टा कुठे आहे? परत आले. सरांना आठवेना. हार घालताना काढला होता, मग कुठे ठेवला? इम्तियाजने सरांची शाल उचलून धोब्यासारखी झटकली, तेव्हा तिच्या घडीतून पट्टा खाली पडला.

काका बाजूला उभे होते. त्यांना एवढं झालं तरी कुणाचा राग येत नाही. फक्त म्हणाले, "मेधा, आता तू जरा बोलणं कमी कर गो." मला इतकं वाईट वाटलं की मी पुढचा सगळा टप्पा तोंड मिटून पळायचं ठरवलं.

* * *

तोंड मिटून राहता आलं असतं, पण जाकादेवीच्या पुढच्या चढावर मागून एक पांढरी सरकारी गाडी आली आणि माझ्या बाजूला हळू झाली. काच खाली झाली. आत आमचे जज साहेब. सहकुटुंब गणपतीपुळ्याला दर्शनाला चालले होते.

"मेधाताई, काय झालं? तुम्ही अशा रस्त्याने पळताय का? बसा, सोडतो."

नोकरीला लागल्यापासून साहेबांनी 'घ्या' म्हटलं की मी घेते, 'खोडा' म्हटलं की खोडते. माझा हात दाराच्या मुठीकडे गेलासुद्धा. मग मनगटातला पट्टा दिसला.

"साहेब, नाही बसता येणार," मी पळत पळत म्हटलं. "बसले तर बाद होते."

साहेबांनी विचार केला. "नियम आहे?"

"कडक आहे, साहेब."

"मग पाळा," साहेब म्हणाले.

आता त्यांनी पुढे निघून जावं की नाही? पण माणूस भला. आपल्या स्टेनोला भर उन्हात एकटं टाकून पुढे जाणं त्यांना बरं दिसेना. ते हळूहळू माझ्या मागून यायला लागले, चारही दिवे लुकलुकत ठेवून. मी चालायचं म्हटलं तरी चालता येईना. मागे साहेब बघतायत, कसं चालणार? ती चढण मी आयुष्यात पहिल्यांदा न थांबता चढले आणि पुढचे दोन संघ मागे टाकले.

वाटेतल्या वाडीत बायका दारात उभ्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं. "बाईनं काय केलंन काय म्हायत. सरकारी गाडी मागं लागलेय."

* * *

मालगुंडला मी इम्तियाजला पट्टा दिला. त्याने त्या दिवशी चढणींशी काय भाव ठरवला देव जाणे, पण कुठे उधारी ठेवली नाही. काळबादेवीला तो पोचला तेव्हा सूर्य कलायला लागला होता, पण दोरी गुंडाळायला अजून वेळ होता. काकांनी पट्टा बांधला, गुडघ्याला तेल चोळलेलंच होतं, आणि एकदा आमच्या सगळ्यांकडे बघून निघाले.

आम्ही चौघे व्हॅनमधून मागून चाललो. काका एका लयीत पळत होते, ना जोरात ना हळू. साखरतरचा पूल ओलांडला, शिरगावची चढण लागली. ऋचा घड्याळ बघून म्हणाली, "असेच गेले तर पोचतील. मेधाताई, खरंच पोचतील." मला बोलवेना. माझं बोलणं बंद झालं म्हणजे काय अवस्था असेल बघा.

चढणीच्या वळणावर वाहतूक ठप्प. वरून चिरे भरलेला ट्रक उतरत होता आणि खालून चढत होती एक लांबलचक ट्रॅव्हल्सची बस. वाडीतल्या चाकरमान्यांनी घरच्या कार्यासाठी केलेली, आता मुंबईला परत निघालेली. दोघांची तोंडं समोरासमोर. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला गटार, त्याच्या पलीकडे सरळ उतार. ट्रकामागे गाड्यांची रांग लागलेली. भरलेला ट्रक चढणीला मागे जाणं शक्य नव्हतं. बसला खाली वडापर्यंत मागे यावं लागणार होतं, तिथे रस्ता रुंद आहे. पण बसचा ड्रायव्हर घाटावरचा, कोकणातल्या रस्त्यावर नवा. तो घामाघूम होऊन बसला होता.

"मागं गटार हाय," तो सगळ्यांना सांगत होता. "गाडी गेली तर मालक मला सोडायचा न्हाई."

पळणाऱ्यांना अडचण नव्हती. दरडीच्या कडेने एक माणूस निघेल एवढी फट होती. आमच्या पुढचे दोघे त्या फटीतून निघून गेले. काका पण शिरले. बसच्या पुढच्या दारापर्यंत गेले. आणि थांबले.

खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, दत्ताकाका! ओ काका, ह्याला जरा सांगा, रिव्हर्स घेईना हा!"

मी व्हॅनमधून खाली उतरून ओरडले, "काका, पळा! आपल्याला काय करायचंय त्याचं?"

काकांनी रस्त्याकडे बघितलं. वर चढण, तिच्यापलीकडे गाव, पूल आणि भाट्ये. मग बसकडे बघितलं. भरलेली गाडी चढणीला उभी, आत लहान मुलं रडतायत, बायका पदराने वारा घेतायत. ते काय करणार हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

काकांनी दार उघडलं आणि पाय वर ठेवला.

"ताई, नियम!" ऋचा माझा दंड धरून म्हणाली. आमच्या मागेच मोटरसायकलवर एक पंच होता. त्याने सगळं बघितलं आणि खिशातून मोबाइल काढला. इम्तियाज व्हॅनच्या टपावर हात आपटत राहिला. प्रशांत सर रस्त्यावरच खाली बसले.

पण बघण्यासारखं होतं हो. चड्डीतला म्हातारा, छातीवर नंबर, एक हात स्टिअरिंगवर आणि मान खिडकीबाहेर. इम्तियाजने व्हॅन आधी खाली नेली. चाकरमानी उतरून मागे उभे राहिले आणि बस थोपटत ओरडायला लागले, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या." ती एवढी मोठी गाडी गटाराची कड धरून सरळ रेषेत खाली येत गेली, वडाखाली शिरली आणि उभी राहिली. चिऱ्याचा ट्रक गेला, मागच्या गाड्या गेल्या. ड्रायव्हरने काकांचे पाय धरायचे बाकी ठेवले.

"काका, आता बसूनच राहा, भाट्याला सोडतो," चाकरमानी म्हणाले.

"नको. मला पायांनी जायचंय," काका म्हणाले, आणि वडाखाली उतरून तीच चढण परत पळायला लागले.

आता मात्र गुडघा लंगडायला लागला होता. आम्ही पुढे जाऊन भाट्याला दोरीपाशी उभे राहिलो. आगाशे सर हातातल्या घड्याळाकडे बघत होते, त्यांच्या कानाला मोबाइल होता. दोन माणसं दोरीच्या टोकांपाशी तयार उभी होती. पुलावर कुणी दिसेना. मग एक लंगडणारा ठिपका दिसला. काकी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या मला माहीत नाही, त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

दोरी उचलायला माणसं वाकली आणि काका तिच्यावरून पुढे आले. वाळूत दोन पावलं टाकून थांबले. मी रडत होते, मोठमोठ्याने, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

आगाशे सर पुढे आले. त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

"दत्ताराम, वाटेत गाडीत बसलात?"

"बसलो, सर."

"नियम माहीत आहे ना?"

"हाय माहीत."

"कुठून कुठपर्यंत बसलात?"

काका धापा टाकत होते. "वळणापासनं खाली वडापर्यंत. रिव्हर्समध्ये."

सरांनी घड्याळाकडे बघितलं, मग पुलाकडे, मग काकांच्या गुडघ्याकडे. "म्हणजे गाडीत बसून तुम्ही मागे गेलात," ते हळूच म्हणाले.

"व्हय," काका म्हणाले. "तेवढी चढण मी दोनदा धावलोय, सर. तुम्ही आपली एकदाचीच धरा."